पन्नाशी-साठीनंतर फुल मॅरेथॉनची तयारी: रोज काय करायचं, कुठल्या क्रमाने, आणि लोक नेमके कुठे चुकतात

तिशीतल्या पोरांसाठी बनवलेला १६ आठवड्यांचा प्लॅन डाउनलोड करायचा, त्यातले किलोमीटर थोडे कमी करायचे आणि सुरू व्हायचं, हे बहुतेक जण करतात आणि दहाव्या-बाराव्या आठवड्यात पोटरी किंवा टाच धरून बसतात. कारण साधं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण शिरा म्हणजे टेंडन, सांधे, हाडं यांना महिने लागतात आणि वय वाढलं की अजूनच जास्त लागतात, त्यामुळे दम टिकतोय म्हणून माणूस स्पीड वाढवतो आणि खाली पाय अजून तयारच झालेले नसतात. दुसरं म्हणजे 'रोजचा सराव' याचा अर्थ रोज पळणं असा घेतला जातो. रोज काहीतरी करायचंच आहे, पण त्यातले पळायचे दिवस तीन, फार तर चार. बाकीच्या दिवशी काय करता त्यावर ते तीन दिवस टिकतात.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा, मधला गाळून पुढे जाऊ नका.

१. शूज बांधायच्या आधी

पहिलं काम डॉक्टरकडे. ईसीजी, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, आणि पन्नाशीच्या पुढचे असाल तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट हवी का हे विचारा. घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, चढावर छातीत दाब येत असेल, कधी पळताना चक्कर आली असेल तर हे न विचारता स्वतःहून सांगा. "मी फिट आहे, रोज चालतो" हे डॉक्टरला सांगून उपयोग नाही, "मला ४२.१९५ किलोमीटर पळायचंय" असं स्पष्ट सांगा, कारण दोन्हीसाठीचा सल्ला वेगळा असतो.

चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. हे लोक हमखास विसरतात. बीटा ब्लॉकर (बीपी किंवा हृदयासाठीची गोळी) घेत असाल तर पल्स नेहमीइतकी वर चढत नाही, म्हणजे घड्याळातले हार्ट रेट झोन (पल्सवरून ठरवलेले जोराचे टप्पे) तुमच्यासाठी निरुपयोगी. लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर पाणी आणि सोडियमचा हिशोब बदलतो. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, काही जणांचे स्नायू दुखतात आणि ते दुखणं रनिंगच्या खात्यावर जातं. शुगरची औषधं किंवा इन्सुलिन असेल तर लांब पळताना शुगर खाली जाऊ शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, फक्त विचारून ठेवायचं.

मग पाया तपासा. गेले तीन-चार महिने आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं ते एक तास, आरामात पळणं चालू आहे का? सलग १० किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता येतो का? नसेल तर मॅरेथॉनची नोंदणी आत्ता करू नका, आधी तेवढं जमवा.

शूज संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोडी बदलायची, वरून नवी दिसली तरी.

इशारा: नव्या शूजमध्ये पहिला लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात लांब पल्ल्याचा रन, करायचा नाही. आणि तळवा एकदम पातळ असलेले किंवा कार्बन प्लेटवाले शूज मुलाने भेट दिले म्हणून लगेच वापरायला काढू नका, त्यांनी पोटरी आणि घोट्यावरचा भार बदलतो, सवय व्हायला आठवडे द्यावे लागतात.

२. रेसच्या तारखेपासून उलटं मोजा

१६ आठवडे विसरा. २० ते २४ आठवडे धरा, कारण मध्ये एक सर्दी, एक प्रवास, एक कुरकुरणारा गुडघा येणारच आहे आणि त्यासाठी जागा आधीच ठेवायला हवी. शेवटचे तीन आठवडे टेपरचे, म्हणजे सराव हळूहळू कमी करण्याचे, त्याच्या आधी सगळ्यात मोठा लाँग रन, आणि तिथून मागे मागे येत आजच्या आठवड्यापर्यंत कॅलेंडर भरत या. पुढे पुढे भरत गेलात तर शेवटी आठवडे कमी पडतात आणि मग माणूस एका उडीत २० वरून २८ वर जातो.

दोन आठवडे वाढवायचं, तिसऱ्या आठवड्यात उतरायचं. लाँग रन साधारण असा: १२, १४, मग १०. १६, १८, मग १२. २०, २२, मग १४. २४, २६, मग १६. त्यानंतर २८, आणि जमलंच तर एकदा ३०. तिसऱ्या आठवड्यातला छोटा रन बघून "आज तर काहीच झालं नाही" असं वाटतं, आणि तिथेच लोक दोन-चार किलोमीटर खुशीने वाढवतात. नका वाढवू. शरीराची डागडुजी त्याच आठवड्यात होते.

लाँग रनला किलोमीटरची हद्द आहे तशी वेळेचीही आहे: साडेतीन तास. यातलं जे आधी येईल तिथे थांबायचं. ज्याला किलोमीटरला ८ मिनिटं लागतात त्याचे साडेतीन तासांत २६ किलोमीटर होतात आणि ते पुरतात. ३२ चा आकडा गाठायचाच म्हणून सव्वाचार तास रस्त्यावर राहणं म्हणजे पुढच्या दोन आठवड्यांच्या सरावावर पाणी सोडणं.

३. आठवडा कसा बसवायचा

नमुना असा, दिवस तुमच्या सोयीने सरकवा पण क्रम तोच ठेवा.

सोमवार: पळणं नाही. अर्धा तास चालणं, एवढंच.
मंगळवार: इझी रन ४० ते ५० मिनिटं, संध्याकाळी ताकदीचे व्यायाम.
बुधवार: सायकल किंवा पोहणं, ४० मिनिटं, घाम येईल पण पाय दुखणार नाहीत इतपत.
गुरुवार: थोडं वेगाचं काम, संध्याकाळी पुन्हा ताकदीचे व्यायाम.
शुक्रवार: आराम. खरोखरचा आराम, बागेत खणत बसायचं नाही.
शनिवार: २५-३० मिनिटं एकदम हळू, किंवा नुसतं चालणं.
रविवार: लाँग रन.

ताकदीचे व्यायाम मुद्दाम पळायच्याच दिवशी ठेवलेत. लोक उलटं करतात, सोमवारी आराम आहे ना मग जिम, शुक्रवारी आराम आहे ना मग स्क्वॉट्स, आणि मग आठवड्यात एकही दिवस पायांना सुट्टी मिळत नाही. जड दिवस जड असू दे, हलका दिवस पूर्ण हलका.

साठीच्या पुढे असाल आणि सात दिवसांत हे बसत नसेल तर नऊ दिवसांचा आठवडा करा. एक जड दिवस, दोन हलके, पुन्हा एक जड, दोन हलके, असे तीन फेरे. एका फेऱ्यात लाँग रन, एकात वेग, एकात मध्यम लांबीचा रन. नोकरी करणाऱ्याला हे अवघड आहे, पण निवृत्त माणसाला रविवारचीच काय मातब्बरी?

आता वेगाबद्दल, कारण सगळ्यात मोठी चूक इथे होते. बहुतेक हौशी रनर सगळेच रन एकाच मधल्या वेगाने पळतात, इझी रन जरा जास्तच जोरात आणि वेगाचा रन थकल्यामुळे जरा मंद. दोन्हीचा फायदा जातो. इझी म्हणजे पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर ते इझी नाही. सोबतचा माणूस पुढे गेला तर जाऊ द्या. पाच-साडेपाच तासांत मॅरेथॉन करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तुमचा रेसचा वेग आणि इझी वेग यात फारसा फरक नसतो, त्यामुळे तरुणांच्या प्लॅनमधले 'रेस पेसपेक्षा मिनिटभर हळू' वगैरे हिशोब तुम्हाला लागू नाहीत, बोलून बघायची कसोटी लागू आहे.

घड्याळाच्या झोनवर जाणार असाल तर घड्याळ कमाल पल्ससाठी बहुधा २२० वजा वय हा हिशोब लावतं हे माहीत असू द्या. ६५ वर्षांच्या माणसाला तो १५५ देतो. २०८ वजा वयाच्या ०.७ पट, या दुसऱ्या सूत्राने १६२-१६३ येतात. आणि प्रत्यक्षात तुमचा आकडा दोन्हीपेक्षा दहा-बाराने वर किंवा खाली असू शकतो. श्वासावर जास्त भरवसा ठेवा.

वेगाचं काम तीन पायऱ्यांत. पहिले पाच-सहा आठवडे फक्त इझी रनच्या शेवटी १५-२० सेकंदांच्या चार-सहा मोकळ्या धावा, मध्ये श्वास पूर्ण शांत होईपर्यंत चालणं. मग ८ मिनिटांचे तीन तुकडे, 'दोन-चार शब्द बोलू शकतो पण गप्पा नाही' अशा वेगाने, मध्ये ३ मिनिटं चालणं. शेवटच्या आठ-दहा आठवड्यांत लाँग रनमधले काही किलोमीटर रेसच्या वेगाने. सपाटीवर जीव तोडून स्प्रिंट मारायची गरज नाही, या वयात मांडीची मागची बाजू त्यातच जाते.

कोणी म्हणेल की कॅनडाचे वयस्कर मॅरेथॉनपटू एड व्हिटलॉक तर रोज तासन्तास पळायचे. पळायचे, आणि २००४ साली ७३व्या वर्षी टोरांटोत २:५४:४८ ही वेळही दिली. पण तिथपर्यंत ते अनेक वर्षांत पोचले होते आणि ते रोजचं पळणं अगदी हळू असायचं. नक्कल करायचीच असेल तर हळूपणाची करा.

तपासणी: आठवडा संपल्यावर बघा, लाँग रन एकूण किलोमीटरच्या निम्म्याहून जास्त झाला का? झाला असेल तर मधले रन कमी पडतायत. लाँग रन वाढवायचा थांबवा, आधी मंगळवार-गुरुवार नीट करा.

४. रोजचा क्रम

उठल्यावर, अंथरुणातच, पल्स मोजा. रोज मोजलीत की तुमची नेहमीची किती ते कळतं, आणि एखाद्या दिवशी ती सात-आठने जास्त असेल तर शरीर अजून कशातून तरी सावरतंय. दुसरं, झोप कशी झाली. तिसरं, पहिली दहा पावलं: टाच टेकवताना कळ येते का, जिना उतरताना गुडघा बोलतो का. या तीनपैकी दोन बिघडलेल्या असतील तर आजचा रन म्हणजे चालणं. गेलेला रन उद्या भरून काढायचा नाही. तो गेला.

त्यानंतर पाणी, थोडं काहीतरी पचायला हलकं, पोट साफ, आणि मगच बाहेर.

वॉर्मअप तरुणांना पाच मिनिटांत होतो, आपल्याला पंधरा मिनिटं लागतात. सात-आठ मिनिटं चालणं, हळूहळू भरभर. मग भिंत धरून पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, घोटे फिरवणं, दहा-बारा वेळा टाचा उचलणं, जागच्या जागी गुडघे उचलणं. मग पहिला किलोमीटर लाज वाटेल इतका हळू. थंड अंगाने वाकून पायाचे अंगठे धरून ताणत बसायचं नाही, ते शेवटी.

रन संपला की लगेच बसू नका, गाडीत तर नाहीच. दहा मिनिटं चाला, मग पोटरी, मांडी, कमरेची पुढची बाजू सावकाश ताणा, प्रत्येकी अर्धा मिनिट. तासाभरात नीट खा. वय वाढलं की स्नायू प्रोटीनला कमी दाद देतात, म्हणून रात्री एकदम भरपूर खाण्यापेक्षा प्रत्येक जेवणात २५-३० ग्रॅम प्रोटीन येईल असं बघा. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरला विचारून ठरवा.

वहीत तीन ओळी: किती मिनिटं, कसं वाटलं, कुठे दुखलं. ॲप वेग लिहितं, दुखलेलं लिहीत नाही.

५. ताकदीचे व्यायाम, जे सगळे टाळतात

आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं. वेळ नसेल तर बुधवारची सायकल सोडा पण हे सोडू नका. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि नुसत्या पळण्याने ते थांबत नाही.

सगळ्यात महत्त्वाची पोटरी. वयस्कर रनरच्या दुखण्यांत पोटरी आणि टाचेची शीर वारंवार असतात. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर, मग तीन मोजत खाली, १२-१५ वेळा, तीन फेऱ्या. एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण वाकवल्यावर आतला खालचा स्नायू काम करतो आणि लांब पळताना तोच जास्त राबतो. दोन पायांवर २० सहज जमले की एका पायावर या, मग हातात वजन.

बाकी: खुर्चीवर बसून-उठून स्क्वॉट, पायरी चढणं-उतरणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवरचा प्लँक. शेवटी एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, जमलं की डोळे मिटून, पण जवळ भिंत ठेवून.

इथली नेहमीची चूक म्हणजे अगदी हलकं वजन घेऊन पन्नास वेळा करणं. आठ-दहा वेळा झाल्यावर 'अजून दोनच जमतील' असं वाटलं पाहिजे, तेवढं वजन योग्य. पहिल्या महिन्यात मात्र वजन न घेता फक्त पद्धत बसवा.

इशारा: लाँग रनच्या आदल्या दोन दिवसांत पायांचे जड व्यायाम नाहीत.

६. लाँग रनच्या दिवशी खाणं-पिणं

लाँग रन ही रेसच्या दिवसाची रंगीत तालीम आहे. त्याच वेळी उठा, तेच खा, तेच कपडे, तेच मोजे. काखेत, मांड्यांत, छातीवर व्हॅसलिन लावायचं ते पण आत्ताच ठरवा.

साधारण ३०-३२ किलोमीटरच्या आसपास पाय अचानक शिसं झाल्यासारखे होतात त्याचं मोठं कारण ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, संपत येणं. ते टाळायला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स लागतात. एका एनर्जी जेलच्या पुडीत बहुतेकदा २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ३०-४० मिनिटांनी एक, आणि पहिला ४०-४५ मिनिटांनी, भूक लागायची वाट न बघता. जेलवर साधं पाणी प्या. जेल आणि वर गोड ड्रिंक घेतलं तर पोटात ढवळतं, आणि मग "मला जेल चालतच नाहीत" असं माणूस ठरवून टाकतो.

पाण्याचं दोन्ही बाजूंनी चुकतं. वय वाढलं की तहान उशिरा लागते म्हणून काही जण पीतच नाहीत, आणि काही जण भीतीने प्रत्येक ठिकाणी दोन-दोन ग्लास पितात. जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम खाली जाणं हे पाणी कमी पडण्यापेक्षा जास्त धोक्याचं असू शकतं, आणि चार तासांहून जास्त रस्त्यावर असणाऱ्यांनाच तो धोका जास्त.

तपासणी: लाँग रनच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. ७० किलोच्या माणसाचं किलो-सव्वा किलो कमी झालं तर ठीक. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा बरंच जास्त घटलं तर पाणी वाढवा. आणि वजन वाढलं असेल तर सरळ आहे, जास्त प्यालात. तीन-चार वेळा केलंत की तुमचा स्वतःचा आकडा हाती येतो.

इशारा: पळायच्या आधी किंवा पळताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर घेऊ नका. किडनीवर ताण येतो, त्यात बीपीच्या काही गोळ्या आणि कमी पाणी असेल तर प्रकरण गंभीर होतं. शिवाय दुखणं झाकलं गेलं की थांबायचं कधी तेच कळत नाही.

७. दुखलं तर

दहापैकी तीनपर्यंत दुखतंय, पळताना वाढत नाही, आणि दुसऱ्या सकाळी गेलेलं आहे, तर चालू ठेवा पण वाढवू नका. तीनच्या वर गेलं, चाल बदलली, किंवा सकाळी तसंच आहे, तर तीन दिवस पळणं बंद, सायकल किंवा पोहणं. तरी आहे तर फिजिओ. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर तीन दिवसही थांबू नका, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, असू शकतं. पाळी गेलेल्या बायकांनी हे जास्त मनावर घ्यावं, हाडांची घनता एकदा तपासून घेतलेली बरी.

पोटरीत एकदम गोळी लागल्यासारखं झालं तर तिथेच थांबायचं, पळत घरी यायचं नाही. एकाच पोटरीला सूज, ऊब, आणि आरामातही दुखणं, हे स्नायूचंच असेल असं धरून चालू नका, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर.

८. टेपर

शेवटचा मोठा रन तीन आठवडे आधी. मग एकूण किलोमीटर नेहमीच्या पाऊण, नंतर निम्मे, आणि रेसच्या आठवड्यात एक तृतीयांश. दिवस तेच, वेळ कमी, थोडासा वेग राहू द्या. जड व्यायाम दहा दिवस आधी बंद. या काळात कुठे कुठे दुखल्यासारखं वाटतं, पाय जड लागतात, आणि "एकदा ३२ करून बघू का" असा किडा डोक्यात येतो. राहिलेला सराव या तीन आठवड्यांत भरून निघत नाही, फक्त थकवा साठतो. शेवटचे दोन-तीन दिवस ताटात कार्ब्स वाढवा आणि तेलकट, चोथा असलेलं कमी करा. एकूण जेवण दुप्पट करायचं नाही. पायाची नखं चार-पाच दिवस आधी सरळ कापा.

९. रेसचा दिवस आणि त्यानंतर

नवीन काहीही नाही, एक्स्पोमध्ये, म्हणजे रेसच्या आधीच्या प्रदर्शनात, घेतलेला टी-शर्टसुद्धा नाही. पहिले ५ किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद हळू, सगळे पुढे गेले तरी. चालत-पळत करणार असाल, समजा ४ मिनिटं पळणं १ मिनिट चालणं, तर ते पहिल्या किलोमीटरपासून. २५ नंतर दमल्यावर चालायला लागणं वेगळं, त्याचा तो फायदा नाही. रेस संपायच्या आधीच घड्याळ ४२.१९५ झाल्याचं दाखवेल, कारण वळणांवर आपण बाहेरून जातो आणि जीपीएसही थोडं वाढवतं, म्हणून रस्त्यावरच्या पाट्यांवर हिशोब ठेवा.

छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, चक्कर, पल्स वेडीवाकडी, यातलं काहीही झालं तर थांबा आणि मेडिकलवाल्याला हात करा. शेवटचा किलोमीटर उरलाय हे कारण नाही.

संपल्यावर चालत राहा, सावकाश प्या, आणि लघवी नेहमीसारखी होईपर्यंत पेनकिलर घेऊ नका. लघवी गडद, चहाच्या रंगाची झाली तर लगेच दवाखाना. पहिला आठवडा फक्त चालणं. दुसऱ्या आठवड्यात २० ते ३० मिनिटांचे दोन-तीन हलके रन. वेगाचं काम चार आठवड्यांनंतर, आणि तेही सकाळची पल्स आपल्या नेहमीच्या आकड्यावर आली असेल तरच.